‘त्यांनी उत्तर दिलं नाही’: निक रॉबिन्सन यांच्या एका वाक्याचं प्रकरण

11 सप्टेंबर 2014, गुरुवार. एडिनबराच्या इंटरनॅशनल कॉन्फरन्स सेंटरमध्ये स्कॉटलंडच्या सरकारचे प्रमुख, म्हणजे फर्स्ट मिनिस्टर, आणि स्वातंत्र्याच्या बाजूचे नेते ॲलेक्स सॅमंड जगभरच्या पत्रकारांसमोर उभे होते. स्कॉटलंडने ब्रिटनमधून बाहेर पडायचं की नाही, यावरच्या सार्वमताला बरोबर सात दिवस उरले होते. बीबीसीचे राजकीय संपादक निक रॉबिन्सन उठले आणि त्यांनी प्रश्न विचारला. सॅमंड त्यावर सहा-सात मिनिटं बोलले. सभागृहात सॅमंड यांचे समर्थकही होते, त्यांनी मध्येमध्ये टाळ्या वाजवल्या. रॉबिन्सनही गप्प बसले नाहीत, खालून बोलत राहिले.

संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये रॉबिन्सन यांचं पॅकेज, म्हणजे कापून-जोडून केलेली टीव्हीची बातमी, लागलं. त्यात रॉबिन्सन प्रश्न विचारताना दिसतात. पुढे सॅमंड यांचं उत्तर ऐकू येईल असं वाटत असतानाच रॉबिन्सन यांचा व्हॉइसओव्हर सुरू होतो: त्यांनी उत्तर दिलं नाही, मात्र ते ज्याला महानगरी माध्यमं म्हणतात त्यांच्या वार्तांकनावर त्यांनी टीका केली.

इंग्रजीत ‘उत्तर दिलं नाही’ एवढ्यासाठी तीन शब्द पुरतात. त्या तीन शब्दांनी रॉबिन्सन यांचा पुढे वर्षभर पिच्छा पुरवला. नव्या वार्ताहरांसोबत बसायची वेळ आली की मी हे प्रकरण काढतो, कारण यात कोणी पैसे खाल्लेले नाहीत, कोणी बातमी रचलेली नाही आणि कोणाचा फोनही आलेला नाही. एक अनुभवी माणूस, एक घाईची संध्याकाळ, एक वाक्य. आपल्याकडच्या एडिट टेबलवर असं वाक्य रोज लिहिलं जातं. फक्त आपण ‘प्रश्नाला बगल दिली’ असं लिहितो. या दोन वाक्यांत फरक आहे, त्याकडे पुढे येतोच.

बँकेची बातमी

आधी त्या आठवड्याचं तापमान सांगायला हवं. रविवारी, 7 सप्टेंबरला, यूगव्ह या जनमत चाचणी संस्थेचा कौल छापून आला. अनिर्णित मतदार वगळले तर स्वातंत्र्याच्या बाजूने 51 टक्के, विरोधात 49. वर्षानुवर्षं ‘नाही’ची बाजू आरामात पुढे होती आणि अचानक काटा फिरला होता. लंडनमध्ये धावपळ उडाली. बुधवारी पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तराच्या तासाला दांडी मारून पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन, मजूर पक्षाचे एड मिलिबँड आणि लिबरल डेमोक्रॅटांचे निक क्लेग हे तिघेही स्कॉटलंडला धावले.

त्याच बुधवारी रात्री बातमी फुटली की स्वातंत्र्याचा कौल लागल्यास रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आपलं नोंदणीकृत मुख्यालय लंडनला हलवणार. ही बँक 1727 सालची. नावातच स्कॉटलंड. 2008 च्या आर्थिक संकटात ती बुडता बुडता वाचली, कारण ब्रिटिश सरकारने तिच्यात साडेपंचेचाळीस अब्ज पौंड ओतले, आणि 2014 मध्येही तिची सुमारे 80 टक्के मालकी सरकारकडेच होती. म्हणजे बँक लोकांच्या पैशावर उभी, मालक लंडनचं सरकार, आणि बातमी फुटली तीही लंडनच्या अर्थखात्याकडून, तीही बँकेने स्वतः सकाळी अधिकृत घोषणा करायच्या आत. सॅमंड यांचा संताप मुख्यतः याच गोष्टीचा होता. शेअर बाजारावर परिणाम करणारी माहिती सरकारी खातं आधीच बाहेर कशी सोडतं, याची चौकशी करा, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ती बातमी देणाऱ्या बीबीसीनेही या चौकशीत सहकार्य करावं, असंही ते म्हणत होते.

अशा सकाळी, अशा सभागृहात, बीबीसीचाच राजकीय संपादक प्रश्न विचारायला उभा राहिला. सॅमंड यांना आयता पाहुणा मिळाला.

एका प्रश्नात दोन प्रश्न

रॉबिन्सन यांनी एकच प्रश्न विचारला, असं सगळे म्हणतात. ध्वनिचित्रफीत नीट पाहिली तर ते दोन प्रश्न आहेत. एक करांचा: बँक लंडनला गेली तर कंपनी कराचं स्कॉटलंडचं उत्पन्न बुडणार, त्याचं काय? दुसरा विश्वासाचा: अब्जावधींच्या नफ्याची जबाबदारी सांभाळणारी माणसं एक सांगत असताना मतदाराने तुमच्यासारख्या राजकारण्यावर विश्वास का ठेवावा?

पहिल्या प्रश्नाला सॅमंड यांनी व्यवस्थित उत्तर दिलं. कंपनी कर ठरतो तो प्रत्यक्ष व्यवहार कुठे चालतो त्यावरून, दारावर पितळी पाटी कुठल्या गावात आहे त्यावरून नाही, हा त्यांचा मुद्दा. बँकेच्या प्रमुखाने कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्राचाही त्यांनी दाखला दिला. कामकाज किंवा नोकऱ्या हलवायचा इरादा नाही, असं त्यात म्हटलं होतं. हे उत्तर पटो न पटो, ते उत्तर होतं यात शंका नाही. मग ते अर्थखात्याच्या फुटलेल्या बातमीकडे वळले आणि बीबीसीला चांगलंच झोडपलं.

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे ‘तुमच्यावर विश्वास का ठेवायचा’ याला, सरळ उत्तर आलं नाही. खरं तर येणारही नव्हतं. तुमच्यावर विश्वास का ठेवायचा, याला कुठला राजकारणी काय उत्तर देईल? हा प्रश्न उत्तरासाठी नसतोच, तो बुलेटिनसाठी असतो. वार्ताहर तो विचारताना छान दिसतो. मी स्वतः असे प्रश्न विचारले आहेत, त्यामुळे हे जरा अधिकाराने सांगतो.

आता संध्याकाळची अडचण बघा. पॅकेज दोन-तीन मिनिटांचं. त्यात बँकांची बातमी, बाजाराची प्रतिक्रिया, ‘नाही’ बाजूचे नेते, रस्त्यावरचे दोन मतदार आणि शेवटी वार्ताहराचं पीटूसी, म्हणजे कॅमेऱ्यात बघून बोलणं. सॅमंड यांच्या वाट्याला फार तर दहा-पंधरा सेकंदांचा बाइट, म्हणजे त्यांच्या बोलण्याचा तुकडा. सहा-सात मिनिटांच्या उत्तरातून, टाळ्यांच्या गजरातून, तो बाइट कापायचा. अशा वेळी हात आपोआप सोप्याकडे वळतो. प्रश्नाचा जो भाग पडद्यावर उठून दिसतो तो ठेवायचा, म्हणजे विश्वासाचा. त्याला उत्तर नव्हतं. म्हणून ‘उत्तर दिलं नाही’. वार्ताहराच्या डोक्यात हे वाक्य खरंच होतं. प्रेक्षकाला मात्र प्रश्न कापलेला आहे हे ठाऊकच नव्हतं. त्याच्या दृष्टीने सॅमंड तोंडात मिठाची गुळणी धरून उभे राहिले होते.

त्याच्या पंधरा वर्षं आधी एवढ्यावर भागलं असतं. पण त्या पत्रकार परिषदेचं पूर्ण चित्रीकरण इंटरनेटवर होतं. लोकांनी सहा-सात मिनिटांचं उत्तर आणि बुलेटिनमधलं ‘उत्तर दिलं नाही’ एकापाठोपाठ जोडलं आणि ते फिरू लागलं. कुठलंही भाष्य करायची गरज नव्हती.

नदीकाठचा मोर्चा

रविवारी, 14 सप्टेंबरला, ग्लासगोत क्लाइड नदीकाठी पॅसिफिक की इथल्या बीबीसी स्कॉटलंडच्या इमारतीसमोर हजारो लोक जमले. एक भलामोठा फलक होता, त्यावर रॉबिन्सन यांचा चेहरा. त्यांना खोटारडा म्हटलं होतं, हाकलून द्या म्हटलं होतं, आणि बीबीसीच्या आद्याक्षरांचा ‘ब्रिटिश बायस्ड कॉर्पोरेशन’ असा नवा विस्तार केला होता. इमारतीच्या आतली माणसं बहुतेक स्कॉटिश, मोर्चातल्यांचेच शेजारीपाजारी. रॉबिन्सन लंडनहून आलेले. पण राग इमारतीवर निघाला.

या मोर्चाकडे बघताना एक तपशील बरेच जण विसरतात. बीबीसीला जाहिराती नाहीत, ती लायसन्स फीवर चालते. त्या वर्षी प्रत्येक घराला 145 पौंड 50 पेन्स भरावे लागत होते, टीव्ही पाहायचा तर सुटका नाही. नावडतं वर्तमानपत्र बंद करता येतं. इथे तसं नव्हतं, शिव्या द्यायच्या त्या चॅनेललाच पैसेही द्यायचे. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते. स्कॉटिश सरकारने नोव्हेंबर 2013 मध्ये स्वातंत्र्याची जी श्वेतपत्रिका काढली, तिच्यात बीबीसी स्कॉटलंडच्या जागी ‘स्कॉटिश ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ उभारायचं लिहिलं होतं. म्हणजे ‘हो’ जिंकलं असतं तर बीबीसीचे तुकडे होणार होते. ज्या सामन्यात पंचाचंच घर पणाला लागलंय, त्यात पंचाने प्रामाणिकपणे निर्णय दिला तरी प्रेक्षक त्याच्या बोटाकडे बघणारच.

बीबीसीने तक्रारींना जे उत्तर दिलं ते संस्था नेहमी देतात तसंच होतं: प्रश्न योग्य होते, एकूण वृत्तांत संतुलित होता, संपादकीय नियमांना धरून होता. ‘एकूण’ या शब्दावर मी माझ्या वहीत दोनदा रेघ मारली आहे. तक्रार एकूण वृत्तांताची नव्हती, एका वाक्याची होती.

18 तारखेला मतदान झालं. सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होतं. 84.6 टक्के लोकांनी मत दिलं. ‘नाही’ला 55.3 टक्के, ‘हो’ला 44.7 टक्के. दुसऱ्या दिवशी सॅमंड यांनी पद सोडणार असल्याचं जाहीर केलं. रॉबिन्सन यांच्या वाक्याने निकाल बदलला असं म्हणणं हास्यास्पद ठरेल, आणि मोर्चातल्या शहाण्या माणसांनीही तसं म्हटलं नव्हतं.

हा माणूस कोण

‘टोरी’, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा. रॉबिन्सन यांच्याविषयी वाद झाला की हा शब्द येतोच, आणि तो पूर्ण निराधारही नाही. जन्म 1963 चा, चेशरमधल्या मॅकल्सफील्डचा. ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र शिकताना ते विद्यापीठातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह संघटनेचे अध्यक्ष होते आणि पुढे तरुण कॉन्झर्व्हेटिव्हांच्या राष्ट्रीय संघटनेचेही. थॅचरबाईंच्या ऐन भरातल्या काळात. आपल्याकडे एखादा अभाविपचा किंवा एनएसयूआयचा माजी पदाधिकारी सरकारी वाहिनीचा राजकीय संपादक झाला असता तर काय गहजब झाला असता, याची कल्पना करून बघा. ब्रिटनमध्येही कुरबुर झालीच. पण 1986 मध्ये शिकाऊ निर्माता म्हणून बीबीसीत शिरलेला हा मुलगा दहा वर्षं पडद्यामागेच राहिला. चालू घडामोडींच्या कार्यक्रमांत काम केलं, पॅनोरामा या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाचा उपसंपादक झाला, आणि कॅमेऱ्यासमोर राजकीय वार्ताहर म्हणून आला तो 1996 च्या सुमारास. 2002 मध्ये आयटीएन या दुसऱ्या वृत्तसंस्थेने त्यांना राजकीय संपादक म्हणून नेलं, 2005 मध्ये अँड्र्यू मार यांच्या जागी बीबीसीने परत आणलं.

दुसरा धागा जास्त आतला आहे. शाळेतल्या जिवलग मित्राचे वडील ब्रायन रेडहेड. बीबीसीच्या रेडिओ फोर या वाहिनीवर सकाळचा ‘टुडे’ हा कार्यक्रम करणाऱ्यांपैकी सर्वांत नावाजलेला आवाज. पत्रकारितेची ओढ त्यांच्यामुळे लागली, असं रॉबिन्सन यांनी अनेकदा सांगितलं आहे. अठराव्या वर्षी हे मित्र फ्रान्समध्ये फिरायला गेले असताना गाडीला अपघात झाला. रेडहेड यांचा मुलगा आणि आणखी एक मित्र गेले. रॉबिन्सन भाजले, पण वाचले. ऑक्सफर्डचा प्रवेश वर्षभर पुढे ढकलावा लागला. यावर मी जास्त लिहिणार नाही. एवढंच लक्षात ठेवा की ‘टुडे’ हा त्यांच्यासाठी नुसता कार्यक्रम नव्हता.

तिसरा धागा स्वभावाचा. डिसेंबर 2006 मध्ये व्हाइट हाउसमध्ये त्यांनी जॉर्ज बुश यांना तोंडावर विचारलं की इराकमधली परिस्थिती किती वाईट आहे हे तुम्ही अजूनही नाकारताय असं लोकांना वाटतं. बुश म्हणाले, इराकमध्ये वाईट आहे, झालं समाधान? पुढच्या वर्षी कॅम्प डेव्हिडला बुश यांनी त्यांच्या टकलाची चेष्टा केली, ऊन वाढतंय, टक्कल झाका. तुम्हाला माझी एवढी काळजी आहे हे माहीत नव्हतं, असं रॉबिन्सन म्हणाले. नाहीच आहे, हे बुश यांचं उत्तर. ऑक्टोबर 2010 मध्ये सरकारी खर्चकपातीच्या दिवशी संसदेबाहेर लाइव्ह चालू असताना मागे एक निदर्शक युद्धविरोधी फलक नाचवत होता. लाइव्ह संपल्यावर रॉबिन्सन यांनी तो हिसकावला, फाडला, पायाखाली तुडवला. तेही कोणीतरी चित्रित केलं. पुढे त्यांनी राग अनावर झाल्याबद्दल खेद व्यक्त केला.

थोडक्यात, समोरचा बोलत असताना याचा पाय हलू लागतो. एडिनबराच्या सभागृहात खालून बोलत राहिलेला माणूस तोच. म्हणून या प्रकरणात ‘टोरी होता म्हणून केलं’ हे स्पष्टीकरण मला पुरेसं वाटत नाही. 2014 मध्ये स्कॉटलंड ब्रिटनमध्ये राहावं असं मजूर पक्षालाही वाटत होतं आणि लिबरल डेमोक्रॅटांनाही. पक्ष इथे उपयोगी पडत नाही. अधीरपणा पडतो. आणि थोडा लंडनचाही दोष धरा: वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधल्या संसदेच्या, लॉबीत वर्षानुवर्षं वावरलेल्या वार्ताहराला बँका काय म्हणतात हे वजनदार वाटतं आणि प्रादेशिक नेता काय म्हणतो ते बचावाचं भाषण वाटतं. मुंबईतल्या न्यूजरूममध्ये बसून गडचिरोलीची बातमी कापणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

खंत आणि तिच्यावरचं मीठ

रॉबिन्सन यांनी प्रश्नाचं समर्थन कधी सोडलं नाही. विश्वासाच्या मुद्द्यावर सॅमंड बोलले नाहीत, हे ते म्हणत राहिले. पण 2015 मध्ये त्यांनी त्या व्हॉइसओव्हरमधली शब्दयोजना चुकली, याची खंत वाटते, असं कबूल केलं. पदावर असलेला राजकीय संपादक एवढं म्हणतो ही लहान गोष्ट नाही. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एडिनबराच्या पुस्तक महोत्सवात बोलताना त्यांनी बीबीसीवर चालून आलेल्या चार हजारांच्या मोर्चाची तुलना पुतिन यांच्या रशियाशी केली. झालं. सॅमंड यांनी वर्तमानपत्रातल्या आपल्या स्तंभातून पलटवार केला आणि रॉबिन्सन यांना आपल्या सार्वमतातल्या वार्तांकनाची लाज वाटायला हवी, अशा अर्थाचं लिहिलं. जखम पुन्हा उघडली.

मला यात रॉबिन्सन यांचं चुकलं असं स्पष्ट वाटतं. रशियात वार्ताहराच्या मागे लागतं ते सरकार. इथे रस्त्यावर होते ते लायसन्स फी भरणारे लोक. सॅमंड सत्तेत होते आणि त्यांनी मोर्चाची पाठराखण केली, हे खरं, आणि इमारतीत काम करणाऱ्या तरुण पोरांना त्या दिवशी भीती वाटली असेल, हेही खरं. तरी तुलना टिकत नाही. चुकलेल्या वाक्याबद्दल खंत व्यक्त करायची आणि ती चूक दाखवणाऱ्यांना हुकूमशहाच्या पंगतीला बसवायचं, हे दोन्ही एका दमात जमत नाही.

घसा

याच काळात वेगळंच काही घडत होतं. 2015 च्या सुरुवातीला रॉबिन्सन यांच्या फुप्फुसाजवळ गाठ निघाली. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, पण स्वरतंतू हलवणाऱ्या एका नसेला इजा झाली आणि आवाज गेला. सार्वत्रिक निवडणूक 7 मे रोजी होती. राजकीय संपादकाच्या आयुष्यात पाच वर्षांतून एकदा येणारा हंगाम, आणि याच्या घशातून घोगरी हवा. स्वरोपचार घेत ते एप्रिलमध्ये परतले, खरखरत्या आवाजात प्रचार कव्हर केला. त्या निवडणुकीत स्कॉटलंडच्या 59 पैकी 56 जागा सॅमंड यांच्या पक्षाने जिंकल्या. नियतीला विनोदबुद्धी असते म्हणतात.

उन्हाळ्यात जाहीर झालं की राजकीय संपादकपद लॉरा कुन्सबर्ग यांच्याकडे जाणार आणि रॉबिन्सन ‘टुडे’चे निवेदक होणार, जेम्स नॉटी यांच्या जागी. नोव्हेंबर 2015 मध्ये ते रुजू झाले. आवाज पुरता सावरला नसताना माणूस टीव्ही सोडून रेडिओवर गेला.

मराठी वाचकाला इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण आपल्याला याचा अनुभवच नाही. भारतात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्यापलीकडे परवानगी नाही. त्यामुळे सकाळी दात घासताना रेडिओवर मंत्र्याला कोंडीत पकडलेलं ऐकणं, ही गोष्ट आपल्या घरात घडत नाही. ‘टुडे’ 1957 पासून चालू आहे. आठवड्याच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ. आठ वाजून दहा मिनिटांच्या आसपासची मुलाखत सगळ्यांत मोठी. मंत्री, विरोधी नेते, बँकेचे गव्हर्नर तिथे येतात, आणि दिवसभराची राजकीय बातमी बहुधा तिथेच ठरते. मुलाखत थेट असते. कापाकापी नाही.

या खुर्चीचा स्वभाव रेडहेड यांनी घडवला. मार्च 1987 मध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन मुलाखतीत त्यांना म्हणाले की तुम्ही तर जन्मभर मजूर पक्षाचेच समर्थक. रेडहेड यांनी तिथल्या तिथे विचारलं की आता आपण एक मिनिट शांतता पाळायची का, म्हणजे मी कोणाला मत देतो हे माहीत असल्याचा आव आणल्याबद्दल तुम्हाला माफी मागता येईल, आणि तुम्ही सोडून दिलेल्या मॉनेटरिझमलाही, म्हणजे पैशाच्या पुरवठ्याला लगाम घालायच्या धोरणालाही, श्रद्धांजली वाहता येईल. ‘तू कोणाचा’ या प्रश्नाला दिलेलं एवढं नेटकं उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही. रॉबिन्सन यांना नेमका हाच प्रश्न उलट बाजूने आयुष्यभर विचारला गेला.

थांबा, पंतप्रधान

5 ऑक्टोबर 2021. मँचेस्टरमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं अधिवेशन. बोरिस जॉन्सन दोन वर्षांनी ‘टुडे’वर आले होते. रॉबिन्सन प्रश्न विचारत होते, जॉन्सन नेहमीच्या धबधब्यात वाहत होते. एका टप्प्याला रॉबिन्सन म्हणाले, पंतप्रधान, आता थांबा. बोलणं थांबवा. आपण प्रश्न आणि उत्तरं करणार आहोत, तुम्ही नुसतं बोलत राहायचं असं नाही.

काहींना हे उद्धट वाटलं, काहींना बऱ्याच वर्षांनी कोणीतरी केलेलं आवश्यक काम. जॉन्सन यांनी मुलाखतीतच टोला हाणला: मला बोलू दिलंत, आभारी आहे, मला वाटलं त्यासाठीच बोलावलं होतं.

मी हे दोन प्रसंग शेजारी ठेवतो. माणूस तोच, अधीरपणाही तोच. समोर दोन्ही वेळा लांबलचक बोलून प्रश्नाला गिळून टाकणारा कसलेला वक्ता. फरक कात्री कुठे चालली याचा. 2014 मध्ये उत्तर कापलं गेलं ते एडिट टेबलवर, प्रेक्षकाच्या पाठीमागे, आणि प्रेक्षकाला फक्त निकाल कळवण्यात आला. 2021 मध्ये रॉबिन्सन यांनी उत्तर तोडलं ते ऐकणाऱ्यांच्या कानांदेखत. पंतप्रधान किती वेळ बोलले, काय बोलले, कुठे तोडलं, तोडणं रास्त होतं का, हे सगळं श्रोत्याच्या हातात होतं. ज्याला उद्धटपणा वाटला त्याच्याकडेही पूर्ण पुरावा होता. थेट रेडिओवर ‘त्यांनी उत्तर दिलं नाही’ असं म्हणायची सोयच नाही. फार तर ‘तुम्ही उत्तर दिलं नाही’ असं तोंडावर म्हणता येतं, आणि मग समोरचा म्हणतो, दिलं की.

टीव्हीवर असताना रॉबिन्सन यांचं काम होतं दिवसभराचा अर्थ लावून सांगणं. राजकीय संपादकाला बीबीसी पगार देते तो याचसाठी. हे काम वाईट नाही, पण त्यात वार्ताहर साक्षीदारही असतो आणि न्यायाधीशही. एडिनबरात तर तो तिसरंही होता: प्रश्न विचारणारा, म्हणजे प्रकरणातला पक्षकार. स्वतःच्या प्रश्नाला उत्तर मिळालं की नाही, याचा निकाल स्वतःच लिहायचा. माझ्या मते खरी चूक इथे आहे, पक्षपातात नाही. त्या संध्याकाळी पॅकेज दुसऱ्या वार्ताहराने केलं असतं तर त्याने बहुधा हे वाक्य लिहिलं नसतं, कारण त्याला सभागृहातल्या टाळ्या लागल्या नसत्या.

आता ‘बगल दिली’कडे. प्रशिक्षणाला बसलेल्या पोरांना मी विचारतो की मराठीत हे पॅकेज असतं तर काय लिहिलं असतं. दहातले आठ जण ‘प्रश्नाला बगल दिली’ लिहितात. हे ‘उत्तर दिलं नाही’पेक्षा जरा बरं, कारण माणूस काहीतरी बोलला एवढं तरी त्यात कबूल आहे. पण बगल दिली हाही निकालच. काय बोलून दिली, ते ऐकवलं तर निकालाची गरज उरत नाही. सॅमंड यांचं पितळी पाटीचं एक वाक्य, सहा-सात सेकंदांचं, पॅकेजमध्ये ठेवलं असतं तरी मोर्चातल्या फलकावर चेहरा कोणाचा काढायचा हा प्रश्न पडला असता.

गेल्या वेळी एका मुलीने दुसरा मार्ग काढला. तिने बाइट ठेवलाच नाही, फक्त व्हॉइसओव्हर पुन्हा लिहिला: करांविषयी ते सविस्तर बोलले, मात्र बँकांऐवजी आपल्यावर विश्वास का ठेवायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्ही ते मोठ्याने वाचून घड्याळ लावलं. सहा सेकंद. रॉबिन्सन यांच्या तीन शब्दांना एक.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, सर, पॅनल प्रोड्युसर बोंबलणार, बुलेटिन ओव्हर जातंय म्हणून. तो कधीकाळी पॅनलवर बसलेला असावा.